अठराव्या वाढदिवसानंतर : संगोपन-व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी निवेदन लिहिताना



मागील घटकात आपण अर्ज आणि निवेदन यांतील भेद पाहिला. अर्ज माणूस बहुधा स्वतःसाठी करतो; निवेदन पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या वतीने केले जाते. या घटकात ‘दुसऱ्याच्या वतीने लिहिणे’ या क्रियेचाच थोडा खोलात जाऊन विचार करावयाचा आहे. त्यासाठी एक विशिष्ट विषय घेतला आहे : बालगृहात किंवा संगोपनाच्या अन्य शासकीय व्यवस्थेत वाढलेली आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून तेथून बाहेर पडणारी मुले-मुली. हा विषय समाजशास्त्राच्या पुस्तकात शोभला असता, भाषेच्या पुस्तकात कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु या तरुणांच्या वाट्याला येणारे पुष्कळसे काही शब्दांवर ठरते. अर्जातील एका रकान्यावर, कायद्यातील एका क्रियापदावर, दाखल्यावरील एका नामावर ते अवलंबून असते. शिवाय मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांत असे विद्यार्थी असतात. हे पुस्तक वाचणाऱ्या आपणांपैकीच कोणी त्यांतील एक असू शकेल, हे लक्षात ठेवूनच पुढचे लिहिले आहे.

काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत एक विद्यार्थी माझ्याकडे अर्धवट भरलेला प्रवेश-अर्ज घेऊन आला. ‘वडिलांचे संपूर्ण नाव’ आणि ‘कायमचा पत्ता’ हे दोन रकाने कोरे होते. महिनाभरापूर्वी त्याने बालगृह सोडले होते. दिवसा एका छापखान्यात अर्धा वेळ काम आणि रात्री तेथल्याच एका कामगाराच्या खोलीत मुक्काम, असे चालले होते. अठरा वर्षांनंतरही काही मदत मिळते असे त्याने ऐकले होते आणि त्यासाठी संबंधित कार्यालयास पत्र लिहून हवे होते. मी भाषेचा प्राध्यापक. मला माझ्या लेखणीचा भरवसा होता. मी एका बैठकीत मसुदा लिहून दिला. त्याची सुरुवात अशी होती : ‘मायेच्या छत्राला पारख्या झालेल्या या दुर्दैवी अनाथ मुलास आपण उदार अंतःकरणाने साहाय्य करावे...’

त्याने तो शांतपणे वाचला. मग माझ्याच टेबलावरचे पेन उचलून तीन शब्दांवर रेघ मारली : ‘दुर्दैवी’, ‘अनाथ’ आणि ‘मुलास’. म्हणाला, “सर, माझी आई आहे. ती मला सांभाळू शकत नव्हती, एवढंच. आणि मी आता मूल नाही, म्हणून तर बाहेर काढलं.” थोडे थांबून त्याने विचारले, “आणि पैसे नेमके कशासाठी हवेत, ते यात कुठे आहे?”

तीन खोडलेले शब्द आणि एक प्रश्न. या घटकाचे विवेचन त्यांच्याच आधाराने पुढे जाईल.

१. कैवार, पाठपुरावा आणि वकिली

एखाद्याची बाजू घेऊन बोलण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. आपण कोणाचा ‘कैवार घेतो’, कोणाची ‘बाजू मांडतो’, एखाद्या कामाचा ‘पाठपुरावा करतो’, कोणासाठी ‘शब्द टाकतो’. हे वाक्प्रचार एकमेकांच्या जागी सहज वापरले जात असले तरी त्यांत दडलेले मानवी संबंध सारखे नाहीत. कैवार घेणारा बलवान असतो आणि ज्याचा कैवार घेतला जातो तो दुबळा. दुबळ्याने काही बोलावे अशी अपेक्षा त्यात नसते. शब्द टाकणाऱ्याची अधिकाऱ्याशी ओळख असते आणि काम झाले तर ते त्या ओळखीमुळे होते. पाठपुराव्यात मात्र नाते कामाशी असते : कागद कोणत्या टेबलावर अडला आहे, याचा शोध.

यांत सर्वांत उपयोगी शब्द मला ‘वकील’ हा वाटतो. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. आज वकील म्हटले की काळा कोट डोळ्यांसमोर येतो. परंतु मराठेशाहीत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठविलेला प्रतिनिधी. तो आपल्या मनचे बोलत नसे. ज्याने पाठविले त्याचे म्हणणे पोहोचवीत असे. आजच्या न्यायालयातही वकिलाला उभे राहण्यापूर्वी पक्षकाराच्या सहीचा वकालतनामा दाखल करावा लागतो. मी लिहिलेल्या मसुद्यात उणीव होती ती हीच. मी त्याचा कैवार घेतला होता. वकालतनामा मात्र घेतला नव्हता. त्याला काय हवे आहे हे मी विचारलेच नव्हते.

ही केवळ सौजन्याची बाब नव्हे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ३ मध्ये काही मूलभूत तत्त्वे दिली आहेत. त्यांतील एक सहभागाचे तत्त्व आहे : मुलाच्या हितसंबंधांवर परिणाम करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेत त्याचे म्हणणे ऐकले जाण्याचा त्याला हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्याच्या मताचा विचार झाला पाहिजे. याच कलमातील दुसरे एक तत्त्व भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारे आहे. ते सांगते की मुलासंबंधीच्या प्रक्रियेत आरोप करणारे, वैरभाव दाखविणारे शब्द वापरू नयेत. तत्त्वाच्या नावातच कलंक न लावणाऱ्या अर्थाचा उल्लेख आहे. शब्दार्थाची दखल अशी उघडपणे घेणारी कलमे कायद्यात विरळाच.

२. ‘अनाथ’ : एका शब्दाचे दोन दरवाजे

पहिला खोडलेला शब्द ‘दुर्दैवी’. त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दैवाला कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येत नाही. दुसरा शब्द मात्र आपल्याला बराच वेळ थांबवणारा आहे.

‘नाथ’ म्हणजे रक्षणकर्ता, स्वामी, आधार. ज्याला असा आधार नाही तो ‘अनाथ’. म्हणजे मूळ शब्दात आईबापांचा उल्लेखच नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये ‘अनाथ बालिकाश्रम’ काढला तो प्रामुख्याने विधवा स्त्रियांसाठी. त्या काळी पतीवाचून राहिलेली तरुण स्त्री ‘अनाथ’ या शब्दाच्या कक्षेत सहज बसत होती. भक्तिपरंपरेत तर अनाथ म्हणवून घेण्यात कमीपणा नव्हता, कारण समोर विठ्ठल हा अनाथांचा नाथ म्हणून उभा होता. पुढे शब्दाचा अर्थ आकसत गेला आणि आज सामान्य मराठी वाचकाच्या मनात ‘अनाथ’ म्हणजे आई-वडील दोघेही मरण पावलेले मूल एवढेच उरले आहे.

प्रत्यक्षात बालगृहांत राहणाऱ्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. दारिद्र्य, आजार, व्यसन, तुरुंगवास, आईचे दुसरे लग्न, घरातील मारहाण अशी अनेक कारणे मुलांना तेथे आणतात. म्हणून बालगृहाच्या संदर्भात सरसकट ‘अनाथ’ म्हणणे बहुतेक वेळा वस्तुस्थितीला धरून नसते. कायद्याची व्याख्या मात्र लोकभाषेहून रुंद आहे. २०१५ च्या अधिनियमानुसार ज्याला जन्मदाते वा दत्तक आई-वडील किंवा कायदेशीर पालक नाहीत ते मूल अनाथ; त्याचप्रमाणे ज्याचा कायदेशीर पालक त्याचा सांभाळ करण्यास तयार नाही किंवा समर्थ नाही तेही अनाथ.

आता याच शब्दाचे महाराष्ट्रातील दुसरे रूप पाहा. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. त्या निर्णयामागे एका तरुणीचा पाठपुरावा होता. ती संस्थेत वाढलेली आणि अठराव्या वर्षी बाहेर पडलेली. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तिच्यापुढे अडचण आली ती क्रीमी लेयरमध्ये मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राची. हे प्रमाणपत्र आई-वडिलांच्या उत्पन्नावर ठरते. ज्याला आई-वडीलच नाहीत त्याने उत्पन्न कोणाचे दाखवावे? तिने हा प्रश्न स्वतः मुख्यमंत्र्यांपुढे मांडला. येथे तिच्या कहाणीतील करुण भागाने काम केले, असे मला वाटत नाही. काम केले ते नियमातील विसंगतीवर ठेवलेल्या बोटाने. नियम करताना कोणाला तरी विसरले गेले आहे, एवढेच तिने दाखवून दिले.

आरंभी या सवलतीची व्याप्ती फार अरुंद होती. पुढे २०२१ मध्ये ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे प्रवर्ग करून ती वाढविण्यात आली, आणि नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांचाही विचार झाला. तरीही आई हयात असलेला माझा विद्यार्थी या प्रमाणपत्राच्या बाहेरच राहतो. म्हणजे ‘अनाथ’ हा शब्द एका तरुणाला दार उघडून देतो आणि त्याच खोलीत वाढलेल्या दुसऱ्याला दाराबाहेर ठेवतो. माझ्या विद्यार्थ्याने तो शब्द खोडला तो स्वाभिमानापोटी. परंतु शासकीय कागदावर आपण होऊन चुकीचे विधान करण्यापासूनही त्या रेघेने मला वाचविले. निवेदनात वर्गवाचक नाम लिहिताना ‘हा शब्द भावनेने लिहीत आहे की व्याख्येने?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा.

याच प्रकारचा विचार इतरत्रही होत आहे. इंग्लंडमध्ये अशा मुलांना ‘लुक्ड आफ्टर चिल्ड्रन’, म्हणजे ज्यांची काळजी घेतली जाते ती मुले, असे अधिकृतपणे म्हणतात. कार्यालयीन सवयीने त्याची आद्याक्षरे जोडली गेली आणि उच्चार झाला ‘लॅक’, म्हणजे उणीव. तेथील ‘टॅक्ट’ या संस्थेने संगोपनातील मुलांचेच म्हणणे ऐकून २०१९ मध्ये एक शब्दसूची प्रसिद्ध केली. कार्यालयीन परिभाषेऐवजी आम्हांला कोणते शब्द आवडतील, हे त्यात मुलांनी सांगितले. आपल्याकडील बालगृहांच्या कागदपत्रांत मुलांना ‘प्रवेशित’ म्हणतात आणि संस्थेतून जाण्याला ‘मुक्त करणे’. दुसरा शब्द कारागृहाच्या भाषेतही तसाच चालतो. मराठीत अशी शब्दसूची करावयास घेतली तर सुरुवात येथूनच करावी लागेल.

३. ‘येईल’ आणि ‘करील’ : क्रियापदांचा कायदा

तिसरा खोडलेला शब्द ‘मूल’. अधिनियमाच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण न केलेली व्यक्ती म्हणजे बालक. वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत ज्याच्या जेवणाखाण्याची, औषधाची, शाळेची जबाबदारी शासनाची होती, तो दुसऱ्या दिवशी नुसता नागरिक होतो. आपल्या घरांत असे होत नाही. अठरा वर्षांचा मुलगा बारावीत असतो, मुलगी पहिल्या वर्षाला असते. त्यांना कोणी बिछाना गुंडाळायला सांगत नाही.

या कड्यावरून मुलाने एकदम खाली पडू नये म्हणून कायद्यात एक पायरी ठेवली आहे. तिला मराठीत ‘अनुरक्षण’ म्हणतात. ‘अनु’ म्हणजे मागाहून. मागाहून केलेले रक्षण ते अनुरक्षण. अठरा पूर्ण केलेल्या, पण एकवीस पूर्ण न केलेल्या आणि संस्थेतील संगोपन सोडलेल्या व्यक्तीला दिलेला आर्थिक वा अन्य आधार, असा तिचा अर्थ अधिनियमात दिला आहे. येथे अभ्यासकाने क्रियापदांकडे पाहावे. कलम ४६ मधील वाक्यरचना मराठीत साधारणतः अशी होते : संस्था सोडणाऱ्या मुलास आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. ‘-ता येईल’ ही शक्यतेची रचना आहे. देता येईल याचा अर्थ न देताही चालेल. कार्यालयाने नकार दिला तर तो बऱ्याचदा या दोन शब्दांच्या आडोशाने दिला जातो.

परंतु केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम २५ वाचला की क्रियापद बदलते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडावी लागणाऱ्या तरुणांसाठी राज्य शासन शिक्षण, रोजगारक्षम कौशल्ये, नोकरी आणि राहण्याची जागा यांचा कार्यक्रम ‘तयार करील’. कायद्याच्या मराठीत साध्या भविष्यकाळाचे हे रूप भविष्य वर्तवीत नाही. ते कर्तव्य सांगते. ‘पाऊस पडेल’ आणि ‘शासन कार्यक्रम तयार करील’ या वाक्यांत प्रत्यय एकाच जातीचा असला तरी पहिले अनुमान आहे, दुसरे बंधन. कायद्याची मराठी भाषांतरे वाचताना विद्यार्थी येथे हमखास फसतात. त्याच नियमानुसार मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी किंवा समाजकार्यकर्ता पुढील काळाचा आराखडा तयार करून समितीपुढे ‘सादर करील’. हेही बंधनच. अनुरक्षणाचा आदेश बालकल्याण समिती देते. एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे. सहा ते आठ तरुणांनी एकत्र राहावे अशी सामूहिक निवासाची व्यवस्थाही नियमांत सुचविलेली आहे. पैशाच्या बाबतीत, ‘मिशन वात्सल्य’ या केंद्रपुरस्कृत योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

यावरून निवेदनलेखकाने काय घ्यावे? ‘देता येईल’ या वाक्यावर विनंती उभी करू नये. ‘करील’ या वाक्यावर करावी. ‘साहाय्य मिळावे ही नम्र विनंती’ या वाक्याला उत्तर न देता येते. ‘नियमानुसार दोन महिने आधी करावयाचा आराखडा तयार झाला होता काय, झाला असल्यास त्याची प्रत मिळावी’ या वाक्याला मात्र होय किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते. नम्रता दोन्हींत आहे. दुसऱ्यात ती प्रश्नाच्या आड येत नाही, इतकेच.

आणखी एक नाम येथे पाहिले पाहिजे : ‘संस्था’. प्रत्येक मूल बालगृहात वाढत नाही. काही मुलांना प्रतिपालक कुटुंबात ठेवले जाते. इंग्रजीतून आलेल्या ‘फॉस्टर केअर’ या नावानेही ही व्यवस्था ओळखली जाते. मूल मोठे होत जाते तसतशी ते दत्तक जाण्याची शक्यता घटते. अशा मुलांना निदान कुटुंबात राहावयास मिळावे, हा तिचा एक हेतू. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे वा अन्य कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात, तेही अठराव्या वर्षापर्यंत. आता कलम ४६ पुन्हा वाचा. त्यात ‘संस्था सोडणारे मूल’ असे म्हटले आहे. प्रतिपालक कुटुंब सोडणाऱ्या मुलाचे नाव त्यात नाही. मावशीच्या किंवा परक्या कुटुंबाच्या घरी वाढलेल्या मुलीला अठराव्या वर्षी रक्कम बंद झाली आणि ‘आता तुझे तू बघ’ असे ऐकावे लागले, तर तिने कोणत्या कलमावर बोट ठेवावे? संस्थेत वाढलेल्या तरुणांइतकीही तिची बाजू आपल्या सार्वजनिक चर्चेत मांडली गेलेली नाही. माझ्या मते पुढील निवेदने या रिकाम्या जागेविषयी लिहिली जावयास हवीत.

४. नाव आणि गाव

प्रवेश-अर्जातील कोऱ्या रकान्यांकडे परत येऊ. मराठी माणसाचे नाव तीन पदांचे असते : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. आडनावांतही ‘-कर’ प्रत्यय लागलेली नावे गाव सांगतात. म्हणजे मराठीत नुसते नाव सांगणे हे एका कुटुंबाचे आणि पुष्कळदा एका जागेचे सदस्यत्व सांगणे असते. नवा माणूस भेटला की आपण विचारतो, “तुम्ही मूळचे कुठले?” या प्रश्नात वाईट हेतू नसतो. परंतु खोली भाड्याने मागणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला याच प्रश्नापाशी खोली नाकारली जाते. बालगृहाचा पत्ता सांगितला तर घरमालकाच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो. सांगितला नाही तर पत्ताच उरत नाही. बँकेचे खाते, आधारपत्रावरील पत्ता, शिधापत्रिका, मतदारयादी ही सारी एका ‘कायमच्या’ पत्त्याच्या गृहीतकावर उभी आहेत. ‘कायमचा पत्ता’ हा शब्दप्रयोग करणाऱ्याने पत्ता नसलेल्या माणसाचा विचार केलेला नव्हता.

नावाच्या बाबतीत शासनाने अलीकडे एक पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला असून अनाथ बालकांना त्यातून सूट ठेवली आहे. निदान नियम करताना त्यांची आठवण झाली. मात्र सूट म्हणजे रकाना कोरा ठेवण्याची परवानगी; तो कोरा का, हे विचारणारा माणूस खिडकीमागे असतोच.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचा सांभाळ करताना त्यांनी मुलांच्या नावापुढे वडील म्हणून स्वतःचे नाव आणि आडनाव लावले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन तरुणी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांची अनेक वर्षांची मागणी. अठरा वर्षे झाली म्हणून बेवारस दिव्यांग मुलांना संस्थेबाहेर काढू नये, त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करावा, असे ते सांगत आले आहेत. अठरा हा आकडा धडधाकट तरुणाच्या बाबतीत कठोर असेल. ज्याला स्वतः जेवता येत नाही त्याच्या बाबतीत तो निरर्थक आहे. बोलू न शकणाऱ्याचा वकालतनामा कसा घ्यावयाचा, हा प्रश्न येथे उभा राहतो. ज्याने रोज त्याच्याबरोबर आयुष्य काढले आहे त्याचाच शब्द अशा वेळी चालावा, असे मला वाटते. सभेपुरते येऊन जाणाऱ्याचा नव्हे.

जाता जाता सर्वनामाविषयी. आपली भाषा ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत माणसाचे स्थान ठरविते. संस्थेत मावशी, ताई, सर साऱ्यांकडून ‘तू’ ऐकत वाढलेल्या तरुणाला अठरा वर्षांनंतरही कार्यालयात ‘तू’च ऐकावे लागते. त्याच रांगेतील, त्याच वयाचा, वडिलांबरोबर आलेला मुलगा मात्र पुष्कळदा ‘तुम्ही’ होतो. मीही माझ्या विद्यार्थ्याला ‘तू’च म्हणत असे, अजूनही म्हणतो, ते गुरु-शिष्याचे ‘तू’ आहे अशी माझी समजूत आहे. निवेदनात मात्र ‘सदर मुलाने’ ऐवजी ‘अर्जदाराने’ किंवा ‘त्यांनी’ लिहावे.

५. दुसरा मसुदा

खोडाखोड झालेला कागद बाजूला ठेवून आम्ही दोघांनी दुसरा मसुदा केला. तो बोलला आणि मी लिहिले. मध्ये मी फक्त प्रश्न विचारले. बालगृहात कोणत्या तारखेस दाखल झालास? समितीचा आदेश आहे का? दहावी-बारावीचे दाखले कोणाकडे आहेत? छापखान्यात दिवसाला काय मिळते? खोलीचा वाटा किती? पदवी कधी पूर्ण होईल? बालगृहाविषयी तक्रार लिहावयाची का, हेही विचारले. त्याने नको म्हटले, आणि मी लिहिली नाही. दुसऱ्या मसुद्यात विशेषण एकच होते, ‘अर्धवेळ’, तेही कामाला लावलेले. बाकी तारखा, रकमा, नियमाचा क्रमांक, पदवी पूर्ण होईपर्यंतचा कालावधी आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी. शेवटी त्याची सही; माझे नाव कोठेही नव्हते.

कार्यालयाने उलट विचारणा केली की पुढील काळाचा आराखडा कोठे आहे. तो झालेलाच नव्हता. मग तो करून घेण्यासाठी दुसरे पत्र, आणि त्याच्या स्मरणार्थ तिसरे. आदेश निघाला पाच महिन्यांनी. त्या पाच महिन्यांचे भाडे त्याने छापखान्यात रात्रपाळी धरून भरले, आणि त्या सत्रातील एका विषयाची परीक्षा त्याला देता आली नाही. पुढल्या वर्षी त्याच बालगृहातून बाहेर पडणाऱ्या एका मुलासाठी त्याने स्वतः पत्र लिहिले. ते माझ्याकडे तपासायला आणले तेव्हा मला ऱ्हस्व-दीर्घाखेरीज फारसे काही सुधारावे लागले नाही. आराखड्याची मागणी त्याने पहिल्याच परिच्छेदात केली होती, आणि पत्राला वाढदिवसाच्या तीन महिने आधीची तारीख होती.

स्वाध्याय

खालील उतारा वाचा : ‘मायबाप सरकारने या पोरक्या लेकराच्या डोळ्यांतील आसवे पुसावीत. ही अभागी मुलगी वयाच्या अठराव्या वर्षी रस्त्यावर आली असून तिला आपल्या कृपेचा आधार मिळाला नाही तर तिचे जीवन उद्ध्वस्त होईल.’ ही तरुणी आठ वर्षे प्रतिपालक कुटुंबात राहिली आहे, तिचे वडील हयात आहेत आणि तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे आहे, असे समजा. निवेदन पुन्हा लिहिण्यापूर्वी तिला विचारावयाचे किमान दहा प्रश्न लिहून काढा. त्यांपैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरे निवेदनात येऊ नयेत, हे कोण ठरवील, याचेही उत्तर द्या. त्यानंतर दोनशे शब्दांत निवेदन लिहा.